तीन खेपा, तीन निकाल: सदोष कास्टिंगच्या एका तंट्याचा प्रकरण अभ्यास

कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीतली एक फाउंड्री (धातूचे ओतकाम करणारा कारखाना) आणि चाकणमधला हायड्रॉलिक व्हॉल्व्ह बनवणारा एक कारखाना यांच्यातला हा तंटा. अशा वादांत नेहमी जे घडते ते इथे एका प्रसंगात बांधले आहे. पक्ष आणि त्यांचे आकडे बेतलेले आहेत. कायदा, धातुकाम आणि हिशेबाची रीत मात्र जशीच्या तशी आहे.

माल होता कंट्रोल व्हॉल्व्हची बॉडी. आयएस १८६५ प्रमाणे ५००/७ ग्रेडचे एसजी आयर्न (गोलाकार ग्रॅफाइटचे ओतीव लोखंड), म्हणजे किमान ५०० मेगापास्कल ताणशक्ती आणि ७ टक्के लांबणी. एका नगाचे वजन ७ किलो, दर ७७० रुपये. पी.ओ. (खरेदीची लेखी ऑर्डर) १,२०० नगांची, ४००-४०० च्या तीन खेपांत. एकूण ९,२४,००० रुपये आणि वर १८ टक्के जीएसटी. व्हॉल्व्ह २१० बार दाबावर चालणार, म्हणून चाकणला मशीनिंगनंतर दोन चाचण्या व्हायच्या: आधी पाण्याच्या टाकीत ६ बार हवेवर बुडबुड्यांची लीक टेस्ट, मग ३१५ बारवर तेलाची प्रेशर टेस्ट.

पहिली खेप ३ जूनला पोहोचली, दुसरी १० जूनला, तिसरी १७ जूनला. मशीनिंग सुरू झाले १९ जूनला. या चार तारखा लक्षात ठेवाव्यात, पुढचा सगळा वाद त्यांच्याभोवती फिरतो.

२१ जूनला टाकीत बुडबुडे दिसू लागले. क्वालिटीच्या इंजिनिअरने फाउंड्रीच्या मार्केटिंगवाल्याला व्हॉट्सॲपवर तीन फोटो पाठवले आणि खाली लिहिले: "लीकेज येतंय दोन्ही लॉटमध्ये, बघून घ्या." दुसऱ्या दिवशी उत्तर आले: "चालू ठेवा साहेब, रिजेक्शनचं आपण सेटल करू." मशीनिंग चालूच राहिले. २७ जूनपर्यंत पहिल्या खेपेचे सर्व ४०० आणि दुसऱ्या खेपेचे १८० नग मशीनवरून उतरले. पहिल्या खेपेत ४६ नग गळके निघाले, म्हणजे साडेअकरा टक्के. दुसऱ्या खेपेत १८० पैकी ७१, जवळपास ४० टक्के. तेव्हा कुठे काम थांबले. २ जुलैला संध्याकाळी खरेदी विभागप्रमुखांचा ई-मेल गेला: तिसऱ्या खेपेचे ४०० आणि दुसऱ्या खेपेचे मशीनिंग न झालेले २२० नग नाकारत आहोत, ते लाल पट्टीच्या जाळीत वेगळे ठेवले आहेत, मशीनिंग झालेल्या सदोष नगांची भरपाई हवी. ३१ जुलैला ११,७१,९३० रुपयांची डेबिट नोट (पुरवठादाराच्या नावे वसुलीची चिठ्ठी) निघाली आणि तिन्ही बिलांचे पैसे अडवले गेले. दाव्याची रक्कम मालाच्या किमतीहून मोठी झाली होती.

माल का गळत होता

फाउंड्रीने पहिल्या दिवसापासून टेस्ट सर्टिफिकेट (टीसी) पुढे केले. सर्टिफिकेट खोटे नव्हते. प्रत्येक हीटची (भट्टीतून एका वेळी ओतलेल्या धातूची) ताणशक्ती ५०० च्या वर, उरलेले मॅग्नेशियम ०.०४२ टक्क्याच्या आसपास, नोड्युलॅरिटी (ग्रॅफाइट गोलाकार असण्याचे प्रमाण) ८५ टक्क्यांच्या वर. पण ही ताणशक्ती मोजली जाते वेगळ्या ओतलेल्या टेस्ट बारवर. लॅडलमधला (ओतायच्या भांड्यातला) धातू चांगला होता एवढेच तो बार सांगतो. तोच धातू साच्यात जाऊन कसा गोठला, हे त्याला ठाऊक नसते. खरेदीदार मंडळी टीसी पाहून निर्धास्त होतात आणि फाउंड्रीवाले टीसी दाखवून हात झटकतात. दोघांचीही इथे फसगत होते.

दोष शोधायला दोन्ही पक्षांनी मिळून नमुने काढले, आणि हे काम खरोखर नीट झाले. प्रत्येक खेपेतून चार, असे बारा नग. पहिल्या दोन खेपांतून दोन गळके आणि दोन न गळणारे, तिसऱ्यातून वेगवेगळ्या हीट नंबरचे चार कच्चे नग. प्रत्येक नगावर हीट नंबर दिसेल असा फोटो, पिशवीला सील, सीलवर दोन्हीकडच्या सह्या आणि एक पानी पंचनामा. नग एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारी राष्ट्रीय संस्था) मान्यता असलेल्या तिसऱ्याच प्रयोगशाळेत गेले. तिथे पोर्टजवळच्या (तेलाच्या तोंडाजवळच्या) बॉसमधून, म्हणजे जाड उंचवट्यातून, आडवा छेद घेऊन पॉलिश केले आणि डाय पेनिट्रंट (पोकळीत शिरून ती दाखवणारा लाल रंग) मारले. लाल रंग उमटला तो नेमका बॉसच्या पोटात. २-३ मिलिमीटरच्या, एकमेकींना जोडलेल्या पोकळ्या, म्हणजे सरळसरळ श्रिंकेज पोरॉसिटी (धातू आकसल्याने पडलेल्या पोकळ्या). पहिल्या खेपेच्या दोन गळक्या नगांत ती ठळक होती, उरलेल्या दोनांत किरकोळ. दुसऱ्या खेपेच्या चारही नगांत ती सापडली, तिसऱ्या खेपेच्या चारपैकी तिनांत.

आता कारण. मे महिन्यात चाकणने ड्रॉइंगची नवी रिव्हिजन पाठवली होती. पोर्टचा आटा मोठा करायचा म्हणून बॉसचा व्यास २८ वरून ३६ मिलिमीटर केला. आठ मिलिमीटरने काय होते असे कागदावर वाटते, पण छेदाचे क्षेत्रफळ सुमारे ६५ टक्क्यांनी वाढले. शेजारची भिंत तशीच १२ मिलिमीटरची. पातळ भिंत आधी गोठते आणि रायझरकडून (साच्यातल्या धातूच्या राखीव साठ्याकडून) येणारी धातूची वाट बंद होते. जाड बॉस आत अजून वितळलेलाच असतो. तो आकसतो तेव्हा त्याला भरायला धातू मिळत नाही आणि पोकळी पडते.

यावरचा उपाय फाउंड्रीला माहीत होता आणि तिने तो केलाही होता: बॉसच्या जागी साच्यात लोखंडी चिल बसवणे. चिल उष्णता ओढून घेते, बॉस भिंतीच्या बरोबरीने गोठतो. मे अखेरीस ओतलेल्या पहिल्या खेपेच्या मोल्डिंग शीटवर चिलच्या रकान्यात प्रत्येक हीटसमोर बरोबरची खूण आहे. पण पावसाळी हवेत चिल गंजल्या आणि गंजलेल्या चिलवर धातू पडला की वायू सुटून ब्लो होल येतात. तसे काही नग फेटलिंगलाच (ओतल्यानंतरच्या साफसफाईलाच) बाद झाले. चिल शॉट ब्लास्ट करून (बारीक गोळ्यांच्या माऱ्याने साफ करून), तापवून पुन्हा वापरायच्या, तर सुपरवायझरने त्या बसवणेच बंद केले. ४ जूनपासून पुढच्या सगळ्या शीटवर तो रकाना रिकामा आहे. दुसरी आणि तिसरी खेप त्याच दिवसांत ओतलेली. पाचशे किलोच्या भट्टीतून रायझर आणि रनर (धातू साच्यात नेणारी वाट) वजा जाता एका हीटला असे चाळीसेक नग निघतात. म्हणजे वीसेक हीट चिलशिवाय गेल्या.

प्रत्येक नग गळला नाही त्याचेही कारण आहे. पोकळी असणे वेगळे आणि ड्रिल तिच्यातून जाणे वेगळे. ड्रिल पोकळीच्या कडेने गेले तर नग चाचणीत पास होतो. म्हणून "१८० पैकी १०९ पास झाले, म्हणजे खेप बरी होती" हा फाउंड्रीचा युक्तिवाद धातुकामाच्या दृष्टीने कच्चा होता.

पहिल्या खेपेत चिल असूनही साडेअकरा टक्के गळती का? कारण बदललेल्या बॉससाठी मेथडची (ओतायच्या पद्धतीची) चाचणी झालीच नव्हती. रिव्हिजननंतर नव्या नमुन्याचे नग ओतायचे, कापून बघायचे, मंजुरी घ्यायची, मग उत्पादन सुरू करायचे, हा क्रम दोघांनाही माहीत होता. चाकणला घाई होती, म्हणून त्यांनी ई-मेलमध्ये "नव्या ड्रॉइंगप्रमाणे पुरवठा सुरू करा" एवढेच लिहिले. फाउंड्रीने सहा दिवसांत पॅटर्न बदलला आणि नमुना मंजुरी मागितलीच नाही. या खेपेचा दोष दोघांच्या वाट्याचा.

कायद्याच्या नजरेने तिन्ही खेपा

वस्तू विक्री अधिनियम १९३० च्या कलम १६ मध्ये गर्भित शर्ती आहेत: खरेदीदाराने कामाचा हेतू सांगितला असेल आणि पुरवठादाराच्या कौशल्यावर तो विसंबला असेल तर माल त्या कामाला योग्य असावा, आणि वर्णनाने विकलेला माल विक्रीयोग्य दर्जाचा असावा. खरेदीदाराने माल तपासला असेल तर त्या तपासणीत दिसायलाच हवे होते अशा दोषांपुरती विक्रीयोग्यतेची शर्त लागू होत नाही. बॉसच्या पोटातली पोकळी इनवर्डच्या (आवक मालाच्या तपासणीच्या) टेबलावर दिसत नाही, त्यामुळे ही पळवाट फाउंड्रीला नव्हती. शर्तीचा भंग झाला होता, यावर फारसा वाद नव्हता. खरा प्रश्न होता की खरेदीदाराला माल नाकारता येतो, की ठेवून घेऊन फक्त भरपाई मागता येते.

कलम ४२ प्रमाणे माल स्वीकारला असे तीन प्रकारे ठरते: खरेदीदाराने स्वीकारल्याचे कळवले तर, विक्रेत्याच्या मालकीशी विसंगत असे काही त्या मालाचे केले तर, किंवा वाजवी मुदत उलटूनही नकार न कळवता माल ठेवून घेतला तर. कास्टिंगला ड्रिल लावणे हे दुसऱ्या प्रकारात बसते. अंतर्गत दोष मशीनिंगशिवाय दिसत नाही हे खरे, आणि कलम ४१ तपासणीची वाजवी संधी देते हेही खरे. पण तपासणीसाठी पाच-दहा नग मशीनवर लावणे वेगळे आणि चारशेच्या चारशे लावणे वेगळे. १९ जूनला प्रत्येक खेपेचे पाच नग लावून टाकीत बुडवले असते, तर अर्ध्या दिवसात उत्तर मिळाले असते आणि तिन्ही खेपांवर नकाराचा हक्क शाबूत राहिला असता.

एकदा माल स्वीकारला की कलम १३(२) प्रमाणे शर्तीचा भंग हमीचा भंग मानला जातो. नाकारता येत नाही. कलम ५९ मात्र हाताशी राहते: किमतीतून वजावट मागता येते किंवा नुकसानभरपाईचा दावा करता येतो. पुष्कळ पुरवठादार इथे चूक करतात. माल स्वीकारला गेला म्हणजे खरेदीदाराचे तोंड बंद झाले, असे त्यांना वाटते. तसे नाही.

याच्याबरोबर दुसरा कायदा चालतो. फाउंड्री लघु उद्योग होती आणि पी.ओ. निघण्याआधीच तिची उद्यम नोंदणी झालेली होती, म्हणून एमएसएमईडी (सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास) अधिनियम २००६ लागू होता. त्यातल्या व्याख्येप्रमाणे माल मिळाल्यापासून १५ दिवसांत खरेदीदाराने लेखी हरकत घेतली नाही, तर माल मिळाला तो दिवस स्वीकृतीचा मानला जातो. हरकत घेतली, तर पुरवठादार ती दूर करेल तो दिवस स्वीकृतीचा. पैसे देण्याची मुदत या दिवसापासून मोजतात आणि करारात काहीही लिहिले असले तरी ती ४५ दिवसांच्या पुढे जाऊ शकत नाही. पी.ओ.वर ९० दिवसांची उधारी छापलेली होती. तिला अर्थ उरला नाही.

आता तारखा लावून पाहू. पहिल्या खेपेचे १५ दिवस १८ जूनला संपले, मशीनिंग सुरू व्हायच्या आदल्या दिवशी. कोणतीही हरकत नव्हती. त्या खेपेचे पैसे १८ जुलैपर्यंत द्यायला हवे होते. डेबिट नोट काढून ते अडवणे चूक होते. गळक्या ४६ नगांची भरपाई मागायचा हक्क मात्र कायम होता.

दुसऱ्या खेपेची मुदत २५ जूनला संपत होती. त्याआधी होता तो २१ जूनचा व्हॉट्सॲप. तो लेखी आहे का? माहिती तंत्रज्ञान कायद्याने इलेक्ट्रॉनिक मजकूर लेखी धरला जातो. पण "बघून घ्या" ही हरकत आहे का, की नुसती खबर? फाउंड्रीच्या वकिलांनी यावर बराच जोर दिला. ही खेप वाचली ती फाउंड्रीच्याच उत्तरामुळे. "रिजेक्शनचं सेटल करू" असे लिहिणाऱ्याला समोरची तक्रार रिजेक्शनची आहे हे कळले होते. त्याच उत्तरातल्या "चालू ठेवा" या दोन शब्दांनी पुढच्या मशीनिंगचा खर्चही फाउंड्रीच्या गळ्यात पडला. नाहीतर गळती कळल्यावरही सहा दिवस मशीन का चालवले, हा प्रश्न चाकणला भारी गेला असता. करार अधिनियमाच्या कलम ७३ च्या स्पष्टीकरणाप्रमाणे, नुकसान कमी करायला हाताशी कोणते उपाय होते याचा भरपाई मोजताना विचार होतोच.

तिसऱ्या खेपेचा ई-मेल शेवटच्या दिवशी, २ जुलैला गेला. शब्द स्वच्छ होते, नगसंख्या होती, माल कुठे ठेवला ते होते. वस्तू विक्री अधिनियमाच्या कलम ४३ प्रमाणे नाकारलेला माल परत पाठवण्याची सक्ती खरेदीदारावर नाही, नकार कळवणे पुरते. ही खेप चाकणची सर्वांत भक्कम बाजू ठरायला हवी होती, पण तिलाही एक भोक होते. सॉफ्टवेअरमधून जी.आर.एन. (माल मिळाल्याची पावती) आपोआप निघत होती. १८ जूनलाच फाउंड्रीला ई-मेलने तिची प्रत गेली होती आणि तिच्यावर लिहिले होते "स्वीकृत नग: ४००". स्वीकारल्याचे कळवणे, हा कलम ४२ चा पहिलाच प्रकार. पी.ओ.च्या मागच्या दर्जाविषयक अटींत "मशीनिंगनंतर आढळणाऱ्या दोषांसाठी पुरवठादार जबाबदार" ही ओळ होती, म्हणून ती जी.आर.एन. मोजणी आणि वरवरच्या पाहणीपुरती होती असे म्हणता आले. ती ओळ नसती तर मशीनवर न लागलेली खेपही हातची गेली असती.

२१ जूनचा संदेश कसा असायला हवा होता? फार लांबलचक नाही: "पी.ओ. क्रमांक अमुक, चलन क्रमांक तमुक, १० जूनला मिळालेली खेप. मशीनिंगनंतर ६ बार लीक टेस्टमध्ये ४० पैकी १५ नग पोर्टच्या बॉसजवळ गळतात. या खेपेच्या स्वीकृतीस आमची लेखी हरकत आहे. उरलेले नग वेगळे ठेवले आहेत. २४ जूनपर्यंत तुमचा माणूस संयुक्त तपासणीला पाठवा. तोवर मशीनिंग थांबवले आहे." असा मजकूर कंपनीच्या ई-मेलवरून पी.ओ.वरच्या पत्त्यावर जावा. व्हॉट्सॲप पाठवायला हरकत नाही, पण सोबत ई-मेल हवाच. भांडण पुढे गेले तर भारतीय साक्ष्य अधिनियम २०२३ च्या कलम ६३ प्रमाणे प्रमाणपत्र जोडावे लागते, आणि इंजिनिअरने नोकरी सोडली, फोन बदलला की ते जोडताना तारांबळ उडते.

डेबिट नोटची चिरफाड

११,७१,९३० रुपये असे झाले होते: गळक्या ११७ नगांची किंमत ९०,०९०. त्यांचे मशीनिंग दर नगाला ४२० प्रमाणे ४९,१४०. नाकारलेल्या ६२० नगांची किंमत ४,७७,४००. ५८० नगांची जादा लीक टेस्ट दर नगाला ३५ प्रमाणे २०,३००. दुसऱ्या फाउंड्रीकडून तातडीने घेतलेल्या ५०० नगांचा जादा दर, नगाला १७० प्रमाणे ८५,०००. आणि ग्राहकाने लावलेला लाइन स्टॉपेजचा (उत्पादन थांबल्याचा) दंड ४,५०,०००.

पहिल्या पाच बाबी कागदावर दाखवता येत होत्या. खरी झोंबाझोंबी शेवटच्या आकड्यावर झाली, आणि बहुतेक तंट्यांत तीच होते. कलम ७३ दोन प्रकारचे नुकसान देते: गोष्टींच्या नेहमीच्या ओघात होणारे, आणि करार करताना दोघांनाही संभवनीय म्हणून माहीत असलेले. दूरचे, अप्रत्यक्ष नुकसान मिळत नाही. १८५४ च्या हॅडली विरुद्ध बॅक्सेंडेल या इंग्रजी निकालातले तत्त्व ते हेच. चाकणचे म्हणणे, पी.ओ.च्या मागे लाइन स्टॉपेजची अट छापलेली आहे, फाउंड्रीला कल्पना होती. फाउंड्रीचे म्हणणे, आमच्या ऑर्डर स्वीकृतीच्या पत्रात "जबाबदारी सदोष नग बदलून देण्यापुरती" असे आहे आणि त्यानंतरच तुम्ही माल घेतलात. करार अधिनियमाच्या कलम ७ प्रमाणे स्वीकृती बिनशर्त हवी. अट घालून केलेली स्वीकृती हा नवा प्रस्ताव ठरतो, आणि तो प्रस्ताव चाकणने माल उतरवून घेऊन मान्य केला असे म्हणता येते. दोन्ही बाजूंचे छापील कागद एकमेकांवर आदळले की निकाल कुठे झुकेल ते सांगणे अवघड होते. पी.ओ. आणि तिची स्वीकृती समोरासमोर ठेवून वाचायला अर्धा तास लागतो. तो अर्धा तास इथे कुणीच दिला नाही.

दुसरे म्हणजे पुरावा. ग्राहकाची साडेचार लाखांची डेबिट नोट तात्पुरती होती. दोन महिन्यांनी ग्राहकाने ती १,८०,००० वर आणली. पण चाकणने आपल्या दाव्यातला आकडा बदललाच नाही. समेटाच्या बैठकीत हे उघडे पडले आणि चाकणच्या बाकीच्या खऱ्या आकड्यांवरचाही विश्वास ढळला. आकडा फुगवून ठेवला की घासाघीस करायला जागा राहते, असा हिशेब खरेदी विभागात सर्रास असतो. त्याने नुकसानच होते.

फाउंड्रीच्या बाजूने एक गोष्ट आदराने नोंदवावी अशी आहे. १२ जुलैला तिने जो ८डी अहवाल (दोषाचे मूळ कारण आणि उपाय सांगणारा ठरावीक नमुन्याचा अहवाल) पाठवला, त्यात मूळ कारण लिहिले होते: "४ जूनपासून बॉसला चिल बसवली नाही." सोबत मोल्डिंग शीटच्या प्रती होत्या. वकिलांच्या मते तो कबुलीजबाब होता, आणि होताच. पण त्यामुळेच चार नमुन्यांवरून चारशे नगांचा निष्कर्ष काढता आला आणि दुसऱ्या-तिसऱ्या खेपेचा तांत्रिक वाद एका बैठकीत मिटला. त्याच अहवालात नमुना मंजुरीशिवाय झालेल्या ड्रॉइंग बदलाचाही उल्लेख होता. पहिल्या खेपेचा अर्धा भार चाकणवर गेला तो त्या उल्लेखामुळे.

परिषदेपुढे

ऑगस्टमध्ये फाउंड्रीने सूक्ष्म व लघु उद्योग सुलभीकरण परिषदेकडे अर्ज केला. पी.ओ.मध्ये पुण्यातल्या लवादाची अट होती, तिचा आधार चाकणने घेतला. तो टिकला नाही. गुजरात राज्य नागरी पुरवठा महामंडळ विरुद्ध महाकाली फूड्स या खटल्यात ३१ ऑक्टोबर २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले आहे की एमएसएमईडी कायदा अशा कराराच्या वर चालतो. पुरवठादार जिथे आहे तिथल्या परिषदेला अधिकार असतो. खरेदीदाराला मात्र तिथे प्रतिदावा मांडता येतो, हे २०२१ च्या सिल्पी इंडस्ट्रीज निकालाने ठरले आहे. म्हणून वेगळा दावा न लावता चाकणने डेबिट नोटच प्रतिदावा म्हणून ठेवली.

चाकणला टेबलावर आणले ते व्याजाने. उशिराच्या पैशांवर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट, दरमहा चक्रवाढ व्याज लागते. बँक दर ६.५ टक्के धरला तर साडेएकोणीस टक्के. एकट्या पहिल्या खेपेच्या ३,६३,४४० रुपयांवर आठ महिन्यांत सुमारे ५० हजार. शिवाय निवाडा विरोधात गेला आणि त्याला आव्हान द्यायचे, तर आधी रकमेच्या ७५ टक्के भरावे लागतात.

मार्चमध्ये समेट झाला. हिशेब असा: पहिल्या खेपेचे ३५४ चांगले नग पूर्ण दराने २,७२,५८०, गळके ४६ निम्म्या दराने १७,७१०. दुसऱ्या खेपेचे १०९ चांगले नग ८३,९३०. एकूण ३,७४,२२०. त्यातून वजा: दुसऱ्या खेपेच्या ७१ गळक्या नगांचे पूर्ण मशीनिंग २९,८२०, पहिल्या खेपेच्या ४६ नगांचे निम्मे ९,६६०, लीक टेस्ट २०,३००, तातडीच्या मालाचा जादा दर ८५,०००, लाइन स्टॉपेजपोटी ठोक ६०,०००. वजावट २,०४,७८०. राहिले १,६९,४४०. फाउंड्रीने व्याज सोडले. ६२० कच्चे नग तिने स्वखर्चाने परत नेले. त्यांचे ४,३४० किलो लोखंड भट्टीत पुन्हा वितळते, म्हणजे फाउंड्रीचे नुकसान पूर्ण किमतीइतके नव्हते. समेटाच्या बोलणीत हा मुद्दा उशिरा निघाला. आधी निघता तर वेळ वाचला असता.

जीएसटीत घोळ होता तो निस्तरायला आणखी पंधरवडा गेला. खरेदीदाराच्या डेबिट नोटने पुरवठादाराचा कर कमी होत नाही. त्यासाठी जीएसटी कायद्याच्या कलम ३४ प्रमाणे पुरवठादाराने क्रेडिट नोट (बिलाची रक्कम कमी करणारी चिठ्ठी) काढावी लागते, पुरवठ्याचे आर्थिक वर्ष संपल्यावर येणाऱ्या ३० नोव्हेंबरच्या आत, किंवा वार्षिक विवरण त्याआधी भरले तर तोवर. इथे ५,४९,७८० रुपयांची क्रेडिट नोट निघाली: परत गेलेले ६२० नग, दुसऱ्या खेपेचे गळके ७१ आणि पहिल्या खेपेच्या ४६ ची निम्मी किंमत. करारभंगाची भरपाई हा पुरवठ्याचा मोबदला नसल्याने वजावटीच्या २,०४,७८० रुपयांना क्रेडिट नोट लागत नाही आणि त्यावर जीएसटीही नाही. त्यामुळे कर ३,७४,२२० वर, ६७,३६० रुपये, पूर्ण देय राहिला आणि चेक निघाला २,३६,८०० चा. बिलाच्या तारखेपासून १८० दिवसांत पैसे न दिल्याने चाकणने घेतलेले इनपुट क्रेडिट (खरेदीवरच्या कराची वजावट) नोव्हेंबर-डिसेंबरातच उलटवायला हवे होते. तेही राहून गेले होते आणि त्यावर व्याज भरावे लागले. परतीच्या मालाला ई-वे बिल चाकणनेच काढले, आणि गाडी भरताना ६२० नग हीट नंबरप्रमाणे मोजून दोघांनी सही केली.

पुरवठा पुन्हा सुरू झाला तो वीस नगांच्या चाचणी खेपेने. बॉसला चिल, रायझरची मान थोडी जाड, आणि वीसपैकी चार नग बॉसमधून कापून पाहिलेले. चौघांतही रंग उमटला नाही. मोल्डिंग शीटवर चिलच्या रकान्यात आता नुसती खूण चालत नाही, शिफ्ट सुपरवायझरची सही आणि चिल ब्लास्ट केल्याची तारीख लागते. चाकणच्या जी.आर.एन.वरचे "स्वीकृत" जाऊन तिथे "मोजून मिळाले, स्वीकृती लीक टेस्टनंतर" आले आहे. प्रत्येक खेप आली की तिसऱ्या दिवसाच्या आत पाच नग मशीनवर लागतात.